ट्रक तापतोय आणि पाणी कमी होतंय? हेड उघडण्याआधी काय काय तपासायचं

"मिस्त्री, गाडी पाणी पिते."

गॅरेजच्या दारात ट्रक लावून ड्रायव्हर एवढंच सांगतो, आणि आमच्यातले निम्मे फिटर तिथल्या तिथे निकाल देतात, "हेड गॅस्केट उडालं." म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग गेलं. आमच्या नवी मुंबई परिसरात कळंबोली, तुर्भे, उरण फाटा, कुठल्याही गॅरेजात जा, हेच ऐकायला मिळेल. कधी कधी ते खरंही निघतं. पण हेड उतरवणं म्हणजे तीन-चार दिवस गाडी उभी, फेसिंगचा (हेडचा तळ मशीनवर सपाट करून घेण्याचा) खर्च, नवं पॅकिंग, नवे बोल्ट, आणि गाडीचा हप्ता चालूच. म्हणून हेड सगळ्यात शेवटी, असा माझा आग्रह आहे. गेलेलं पाणी कुठे तरी गेलेलं असतं. ती जागा हातात आल्याशिवाय पाना लावायचा नाही.

खाली दिलेला क्रम मी वापरतो. जे फुकट तपासता येतं ते आधी आणि जे महाग आहे ते नंतर, इतकंच त्यामागचं सूत्र.

हात भाजू देऊ नका

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा पाण्याच्या टाकीचं टोपण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात एखादा क्लीनर छाती-तोंड भाजून घेतो. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. टोपण सैल झालं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. वरचा होज पाईप उघड्या हाताने आरामात धरता येईपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागतो, लागू द्या. मग जाड फडकं टाकून टोपण पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा.

गाडी रस्त्यात तापली तर काय करायचं हे टाकीत पाणी आहे की नाही यावर ठरतं. टाकीत लेव्हल दिसत असेल आणि टेम्परेचरचा काटा चढावर वर गेला असेल, तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये आयडलच्या थोडं वर इंजिन चालू ठेवा. पंखा आणि पंप फिरत राहिले की काटा खाली येतो. लेव्हल दिसत नसेल किंवा बोनेटखालून वाफ येत असेल, तर लगेच बंद करा. एक गोष्ट ड्रायव्हरला आवर्जून सांगून ठेवा. पाणी फार कमी झालं की टेम्परेचरचा सेन्सर उघडा पडतो, त्याला पाणी लागतच नाही आणि काटा उलट खाली येतो. "थंड झाली वाटतं" म्हणून ड्रायव्हर गाडी दामटतो आणि पुढच्या पाच किलोमीटरमध्ये हेड वाकतं.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जायला तेवढं पुरतं.

केबिन पलटी करून काम करताना सेफ्टी लॉक बसलं आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच्या शब्दावर आत डोकं घालू नका.

ड्रायव्हरला विचारा: कुठे तापते?

पाना उचलण्याआधीची ही पाच मिनिटं फार मोलाची असतात. "तापते का?" असं विचारलंत तर "हो" एवढंच उत्तर येईल. कुठे, किती माल होता, कितव्या गिअरला, असं विचारा.

आपल्याकडचे रस्तेच या कामात मदत करतात. जेएनपीटीहून कंटेनर घेऊन तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास असा भिवंडीला जाणारा ट्रेलर बायपासच्या जाममध्ये तापत असेल आणि रस्ता मोकळा झाल्यावर आपोआप थंड होत असेल, तर संशय वाऱ्यावर घ्या. पंखा, पंख्याचा क्लच, शेवड (पंख्याभोवतीचं आवरण), जाळीवर म्हणजे रेडिएटरवर बसलेला कचरा. गाडी धावली की वारा फुकट मिळतो, उभी राहिली की पंख्यावरच सगळं असतं.

उलट, कळंबोलीहून स्टीलच्या कॉइल भरून सपाटीला गाडी ठीक चालते, पण खोपोली सोडून बोरघाट चढायला लागली की काटा वर जातो, तर पाण्याचं फिरणं कमी पडतंय. जाळी आतून बंद, वॉटर बॉडीचा (पाण्याच्या पंपाचा) आतला पंखा झिजलेला, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व) अर्धवट उघडणारा, किंवा लोडवर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. रिकामी गाडी कधीच तापत नाही आणि भरलेलीच तापते, हेही इथेच बसतं.

तिसरा प्रकार म्हणजे गाडी तापत नाही, पण दर दोन दिवसांनी लिटरभर पाणी मागते. तिथे तापण्यामागे धावायचं नाही, गळती शोधायची. ती आज सापडली नाही तर गाडी पुढे कधी तरी तापणारच.

यासोबत दोन प्रश्न विचारा. आधी कोणी काम केलं, काय बदललं? आणि पाणी कसलं टाकता? बरेच जण सांगतात, "नळाचं." मोरबे धरणाचं पाणी प्यायला चांगलं आहे, पण इंजिनाला कूलंट लागतं. ते का, हे लायनरच्या (सिलिंडरमधल्या नळकांड्याच्या) भागात सांगतो.

किती घटतंय ते मोजा

"पाणी कमी होतं" या वाक्याला काही अर्थ नाही. रोज पाव लिटर आणि रोज तीन लिटर हे दोन वेगळे आजार आहेत.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून टाकीवर लेव्हलला चिकटपट्टी लावा. त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी बघा. पट्टीपर्यंत आणायला किती पाणी लागलं ते मोजून टाका आणि लिहा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग पडलेला असेल तर गळती बाहेरची आहे, आणि डाग कुठे पडला त्यावरून ती पुढची की मागची हेही कळतं.

एक फसवणूक इथेच टळते. टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय अनेकांना असते. पाणी गरम झालं की फुगतं, जास्तीचं कॅपमधून बाहेर जातं आणि सकाळी लेव्हल कमी दिसते. ड्रायव्हर पुन्हा गळ्यापर्यंत भरतो. असं महिनोन्महिने चालतं. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये लेव्हल ठेवा आणि ती तिथेच स्थिर राहते का बघा. राहिली तर गाडीला काहीच झालेलं नाही.

कॅप: शे-दोनशे रुपयांची, पण सगळ्यांचा बाप

रेडिएटरच्या किंवा टाकीच्या कॅपवर एक आकडा छापलेला असतो, ०.७, ०.९, १ असा. तो दाब बारमध्ये आहे. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, खंडाळ्याच्या उंचीवर साधारण ९८ लाच. पण कॅपने आत एक बार दाब धरून ठेवला की तेच पाणी जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे घाटात, जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथे कॅपचं रबर कडक झालेलं असलं तर पाणी वेळेआधी उकळतं, वाफेने टाकीबाहेर जातं आणि गाडी "पाणी पिते". इंजिन मात्र ठणठणीत असतं.

कॅपमध्ये दोन व्हॉल्व असतात. मोठा दाब धरतो. मधला लहान व्हॉल्व गाडी थंड होताना हवा किंवा बाहेरच्या बाटलीतलं पाणी आत येऊ देतो. तो चिकटला की आत पोकळी तयार होते आणि थंड गाडीचा वरचा होज आत बसलेला, चपटा दिसतो. सकाळी असा चपटा होज दिसला की कॅप बदला, होज नको.

कॅपचं रबर नखाने दाबून बघा, बसायची कड पुसून तिच्यावर खाच आहे का बघा. टेस्टरवर कॅप लावून आकड्यापर्यंत दाब धरते का तेही बघता येतं. शंका आली तर त्याच आकड्याची नवी लावा. जास्त आकड्याची लावून "काम भागवू" नका, मग जाळी फुटते.

बाहेरची गळती

प्रेशर टेस्टर म्हणजे एक हातपंप, त्याला गेज आणि टाकीच्या तोंडाला बसणारं टोपण. गॅरेजात हा नसेल तर पुढच्या पगाराआधी घ्या. थंड इंजिनावर लेव्हल भरून पंप लावा आणि कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्या, त्याच्यावर नाही. पंधरा मिनिटं गेजकडे लक्ष ठेवा. काटा हलला नाही तर थंड इंजिनावर तरी गळती नाही. हळूहळू उतरला तर टॉर्च घेऊन शोधायला लागा.

नजर कुठे टाकायची? होजच्या तोंडाशी क्लॅम्पजवळ, जाळी आणि टाकीच्या जोडावर, वॉटर बॉडीच्या खालच्या भोकाजवळ, थर्मोस्टॅटच्या घराभोवती, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, ब्लॉकच्या बाजूच्या गोल झाकणांवर आणि मागच्या बाजूच्या झाकणावर. केबिनला हीटर असेल तर त्याचे पाईपही. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे ते पाईप वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांपैकी काहींत सायलेन्सरमध्ये युरिया सोडणाऱ्या इंजेक्टरला थंड ठेवायलाही कूलंटचे बारीक पाईप जातात. सायलेन्सरच्या उष्णतेत ते कडक होतात आणि गळलेलं पाणी तिथल्या तिथे उडून जातं, जमिनीवर थेंब पडत नाही.

ओला थेंब नसेल तर वाळलेली खूण बघा. कूलंट सुकलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली राहते. साधं पाणी घालणाऱ्या गाडीत गंजाचा ओघळ असतो.

वॉटर बॉडीखालचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. तिथून थेंब येत असेल तर वॉटर बॉडी उतरवायची. ते भोक एमसीलने बुजवलेली गाडी मी पाहिली आहे. पाणी बेअरिंगमध्ये गेलं, बेअरिंग जाम झालं, बेल्ट तुटला आणि पंख्याने जाळी फाडली.

थंड इंजिनावर काहीच सापडलं नाही तर गाडी गरम करून पुन्हा बघा. काही गळती फक्त गरम इंजिनावर उघडते, काही फक्त थंडीत, कारण रबर आणि धातू वेगवेगळे आकसतात. पहाटे थेंब पडतो आणि दुपारी कोरडं दिसतं, अशा गाडीचे क्लॅम्प आधी बघा.

गळती थांबवायला हळद टाकायची जुनी रीत आहे. घाटात अडकलात आणि खोपोलीपर्यंत उतरायचं असेल तर नाइलाजाने ठीक. पण हळद जशी भोकात बसते तशीच जाळीच्या बारीक नळ्यांत आणि ऑइल कूलरमध्येही (ऑइल पाण्याने थंड करणाऱ्या भागात) बसते. टाकली असेल तर गॅरेजात आल्यावर सांगा, लपवू नका. सगळं फ्लश करावं लागतं.

कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. निथळलेलं ट्रेमध्ये धरा, गटारात सोडू नका आणि उघडं ठेवू नका. गॅरेजच्या आसपासची कुत्री ते चाटतात आणि मरतात.

पाणी पूर्ण आहे, तरी तापते

आधी जाळी बघा. नुसती समोरून बघून चालत नाही. पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर आणि त्यामागे रेडिएटर, असा थर असतो. समोरून सगळं स्वच्छ दिसतं आणि इंटरकूलर व रेडिएटरच्या फटीत सिमेंटची भुकटी, प्लॅस्टिक, पावसातला चिखल यांचा गादीसारखा थर असतो. टॉर्च पलीकडून लावून प्रकाश येतो का बघा. धुताना पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने, बेताच्या दाबाने पाणी मारा. जोराचा फवारा जवळून मारलात तर पाती आडवी होतात आणि जाळी कायमची बंद.

पंख्याचा क्लच इंजिन बंद करून, चावी काढून तपासायचा. थंड असताना हाताने फिरवा, थोडा जड लागला पाहिजे. ढकलला की मोकळा दोन-तीन फेरे गोल फिरत राहिला तर क्लचमधलं तेल गेलेलं आहे, मध्यभागी तेलकट धूळही दिसेल. गाडी गरम करून, पुन्हा बंद करून बघा. आता आधीपेक्षा जड लागायला हवा. चालत्या पंख्यात कागदाची गुंडाळी घालून बघायची पद्धत सोडून द्या, बोटं जातात. ज्या गाड्यांत पंखा वायरने चालतो तिथे कनेक्टर आणि स्कॅनर बघावा लागतो.

बेल्ट चकाकत असेल, काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो घसरतोय. टेन्शनर हाताने हलवून बघा.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात टाका. खरोखर पातेल्यात. पाणी, थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट तळाला टेकू नये म्हणून तारेने टांगलेला. त्यावर आकडा असतो, समजा ८२. साधारण तेवढ्यावर उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. थंड केल्यावर पूर्ण बंद झाला पाहिजे.

आणि इथे एक विनंती. "थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील" हे वाक्य आपल्या धंद्यातून गेलं पाहिजे. बहुतेक ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. तो उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडेच जातं. थर्मोस्टॅटच काढला की बायपास सताड उघडा राहतो. गरम पाण्याचा मोठा भाग जाळीला न शिवता तसाच परत इंजिनात फिरतो, आणि घाटात गाडी जास्त तापते. शिवाय रिकामी असताना इंजिन कधीच नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, लायनर झिजतात.

जाळी आतून बंद आहे का हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. गाडी गरम करून, इंजिन बंद करून जाळीभर बिंदू फिरवा. मधेच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. खालचा होज वेगात चपटा होत असेल तर तेही जाळी बंद असल्याचं किंवा होज आतून लुळा पडल्याचं लक्षण. कॅपमुळे होज चपटा होतो तो थंड झाल्यावर, हा होतो चालत्या गाडीत. ही दोन लक्षणं एकमेकांत मिसळू नका.

ब्रेक घासत राहणं, क्लच घसरणं, जास्तीचा माल, यांनीही गाडी तापते, पण पाणी कमी होत नाही. चाकांच्या हबला दुरून हात दाखवून बघा, एखादं जास्त तापलेलं असेल तर तिकडे वळा.

आतली गळती, आणि मला महागात पडलेला धडा

बाहेर कुठेच गळत नाही, कॅप चांगली, तरी पाणी जातं. आता आत बघायचं.

पहिलं ऑइल. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट हळूच, फक्त थेंब येईल इतका सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच येतं. ऑइलच्या टोपणाखाली पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात यार्डातल्या यार्डात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत तो नुसत्या दमटपणानेही होतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल, किंवा न भरता लेव्हल वाढली असेल, तर खरं.

दुसरं, टाकीत ऑइलचा थर आहे का? चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून ऑइल कूलर फुटला की चालताना ऑइल पाण्यात जातं. टाकीत काळा, चिकट लगदा आणि चेंबर मात्र स्वच्छ, असं असेल तर हेडच्या आधी ऑइल कूलर तपासा.

तिसरं, बुडबुडे. थंड इंजिन, टोपण उघडं, पाणी काठोकाठ, आणि स्टार्ट. सुरुवातीला थोडी अडकलेली हवा निघते, ती सोडून द्या. पण एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा टोपण लावून थंड स्टार्ट केल्यावर मिनिटभरात, इंजिन गरम व्हायच्या आत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर आत कुठून तरी दाब शिरतोय.

इथेच मी एकदा घसरलो होतो. कंटेनरची गाडी, मालक स्वतःच ड्रायव्हर. बुडबुडे जोरात, होज कडक. मी हेड उतरवलं, फेसिंग करून आणलं, नवं पॅकिंग घातलं, चौथ्या दिवशी गाडी चालू केली आणि टाकीत तेच बुडबुडे. मालक माझ्या शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, नुसता टाकीकडे बघत राहिला. मग आमच्याकडचे जुने फिटर काका आले, ब्रेकच्या एअर टँकखाली बसले आणि ड्रेनची कडी ओढली. हवेबरोबर जे बाहेर आलं ते त्यांनी तळहातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. हिरवट पाणी. कूलंट.

ब्रेकचा एअर कंप्रेसरही इंजिनाच्या कूलंटनेच थंड होतो. त्याच्या हेडचं पॅकिंग गेलं की सात-आठ बारची हवा थेट पाण्यात घुसते. एक बार धरणारी कॅप तिच्यापुढे काय टिकणार? ती पाणी बाहेर फेकते, गाडी तापते, बुडबुडे येतात, होज कडक होतो. एकूण एक लक्षण हेड गॅस्केटचं. त्या माणसाची मजुरी मी घेतली नाही, पण गेलेले चार दिवस परत देता आले नाहीत.

तेव्हापासून ही तपासणी मी चुकवत नाही. एअर टँक पूर्ण रिकामे करा. इंजिन चालू करून टाकीतले बुडबुडे बघा. टँक रिकामे असल्याने कंप्रेसर आता हवा भरतोय. दाब पूर्ण झाला की गव्हर्नर फुस्स करून कंप्रेसरचा लोड सोडतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले किंवा एकदम कमी झाले, तर गुन्हेगार कंप्रेसर. ब्रेक पंप करून दाब उतरवा, कंप्रेसर पुन्हा भरायला लागला की बुडबुडे परत येतात का बघा. आले तर पक्कं. आणखी खात्री हवी तर कंप्रेसरचे पाण्याचे दोन पाईप सोडून एकमेकांना जोडा आणि दोन-तीन मिनिटं बघा. कंप्रेसरला पाणी नसताना त्याहून जास्त चालवू नका, आणि अशी गाडी रस्त्यावर तर नेऊच नका.

बुडबुडे कंप्रेसरशी बांधलेले नसतील तर टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाचा टेस्टर लावा. जळलेला गॅस मिसळत असेल तर निळा रंग हिरवा किंवा पिवळा होतो. डिझेल इंजिन आयडलला फार थोडं इंधन जाळतं, त्यामुळे नुसत्या आयडलवर रंग बदलला नाही तर निश्चिंत होऊ नका. शक्य असेल तर लोडवर चालवून आल्या आल्या, टोपण सावकाश मोकळं करून पुन्हा बघा.

सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल आणि ऑइल स्वच्छ असेल, तर ईजीआर कूलर (सायलेन्सरकडे जाणारा काही धूर पाण्याने थंड करून परत इंजिनात सोडणारा भाग) विसरू नका. २०१७ च्या बीएस-४ आणि २०२० च्या बीएस-६ नंतरच्या बऱ्याच इंजिनांत तो असतो. तो आतून फुटला की पाणी थेट इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये जातं, बाहेर थेंब नाही, ऑइलमध्ये काही नाही. त्याचा पाईप सोडून बघा. काजळी कोरडी असायला हवी. ओली किंवा धुतलेली दिसली तर कूलर उतरवून दाबावर तपासा.

पाण्याला दाब लावून रात्रभर ठेवलेलं इंजिन सकाळी सेल्फ मारून कधीच सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढा, हाताने इंजिन फिरवा. कोणत्या भोकातून पाणी येतं त्यावर सिलिंडरही कळतो. जुन्या गाड्यांत चालू इंजिनावर एकेक इंजेक्टरचा पाईप ढिला करून सिलिंडर ओळखायची सवय आपल्याला आहे. कॉमन रेल गाडीत हे अजिबात करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, फवारा कातडी फाडून आत जातो.

लायनर

ऑइलमध्ये पाणी आहे आणि ऑइल कूलर चांगला, तर चेंबर खोला आणि पाण्याला दाब देऊन खालून बघत बसा. पाणी लायनरच्या बाहेरच्या कडेने खाली येतंय तर खालच्या ओ-रिंगा गेल्या. लायनरच्या आतल्या भिंतीवरून, पिस्टनच्या बाजूने येतंय तर लायनरला भोक पडलंय किंवा वरून, हेडच्या बाजूने येतंय.

लायनरला भोक कसं पडतं हे मालकांना मी जुना लायनर हातात देऊन दाखवतो. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याला लागून असलेल्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात. लाखो वेळा फुटून लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, एकाच बाजूला, ओळीने. एके दिवशी त्यातला एक आरपार जातो. ट्रकच्या कूलंटमधली औषधं लोखंडावर पातळ थर धरतात आणि हे खड्डे रोखतात. नळाच्या पाण्यात ती नसतात, बोअरच्या पाण्यात वर क्षारही असतात. दोन वेगळ्या रंगांची कूलंट मिसळू नका, आणि रंग एक म्हणजे माल एक असंही समजू नका. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं घ्या.

हेड उतरवायचंच असेल तर

कंप्रेसर, ईजीआर, ऑइल कूलर तिन्ही निर्दोष निघाले, टेस्टरच्या निळ्या द्रवाचा रंग बदलला, तर उतरवा. मग नुसतं पॅकिंग बदलून बसवू नका. पॅकिंग कुठे जळलं ते आधी बघा. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून फीलर गेजने वाक मोजा, हेडला दाबावर तडा तपासून घ्या, लायनर ब्लॉकच्या वर किती उचललेले आहेत ते प्रत्येकाचं मोजा. एखादा लायनर खाली बसलेला असेल तर नवं पॅकिंगही त्याच जागी जाईल. मापं पुस्तकातली घ्या, अंदाजाने नाही. बोल्टचा टॉर्क आणि क्रमही तिथलाच.

भरणं आणि ट्रायल

भरताना हवा काढायचे स्क्रू उघडा, हीटरचा कॉक उघडा आणि सावकाश भरा. घाईने भरलं तर आत हवेचा गोळा राहतो आणि चांगली झालेली गाडी पहिल्याच फेरीत तापते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी आधी बादलीत मिसळा, मग ओता. गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, लेव्हल पुन्हा पुरी करा.

यार्डात दहा मिनिटं चालवलेली ट्रायल मी धरत नाही. माल भरून खंडाळ्यापर्यंत चढवून आणा, सोबत स्वतः बसा, काटा कुठे थांबतो ते लिहून घ्या. परत आल्यावर गाडी सपाट जागी लावा, टाकीवर नवी चिकटपट्टी, तारीख आणि किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, पाणी त्या पट्टीवर आहे का बघा. त्यानंतरच्या तीन सकाळीही बघा, मग चावी मालकाच्या हातात द्या.